तुमच्या गावचा किनारा सरकारी नकाशात कसा दिसतो? सीआरझेड, मासेमारीच्या हद्दी आणि गावाने करायची कामं

होडी लावायची जागा, जाळी वाळवायची जागा, रापण ओढायची पुळण, मासळी सुकवायचा माळ. गावात ही जागा कुणाला विचारावी लागत नाही. आजोबांपासून तिथेच सगळं चालत आलंय. पण यातली बहुतेक जागा कुणाच्या सातबाऱ्यावर नसते. ती सरकारी असते किंवा भरती-ओहोटीच्या पट्ट्यात असते. मग उद्या त्याच पुळणीवर जेटी, रिसॉर्ट, रस्ता किंवा धूपप्रतिबंधक बंधारा आला, की अधिकारी पहिला प्रश्न विचारतात, "नकाशात काय दाखवलंय?"

देवगड, मालवण आणि वेंगुर्ला या आपल्या तिन्ही किनारी तालुक्यांना हा प्रश्न लागू आहे. जिल्ह्याची किनारपट्टी सुमारे १२१ किलोमीटर. तिच्यासाठी सरकारी नकाशे आहेत, नियम आहेत आणि हरकत घ्यायची सोयही आहे. ही माहिती गावात पोहोचते ती मात्र बहुतेक वेळा नोटीस आल्यावर. म्हणून सगळं एका ठिकाणी, सोप्या भाषेत देत आहोत. लेख सेव्ह करून ठेवा, ग्रामसभेला उपयोगी पडेल.

थोडक्यात

- समुद्राच्या भरती रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा भाग सीआरझेडमध्ये येतो. खाडीकाठी हे अंतर कमी आहे.
- पाण्याचा भागसुद्धा सीआरझेडमध्ये येतो, समुद्रात १२ सागरी मैलांपर्यंत.
- कुठे काय चालेल हे 'किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्या'च्या नकाशावर ठरतं.
- २०११ च्या नियमांत मच्छीमारांच्या घरांची पुढची गरज आणि मासेमारीची क्षेत्रं आराखड्यात दाखवायला सांगितलं आहे.
- गावाने आपल्या वापराच्या जागा लेखी नोंदवल्या, तर हरकत घेताना हातात काहीतरी असतं.

किनाऱ्याचं नियोजन म्हणजे काय?

शहरात विकास आराखडा असतो. कुठे घरं, कुठे बाजार, कुठे रस्ता, कुठे बाग हे त्यात ठरतं. तसंच किनाऱ्याचं. कुठे बांधकाम चालेल, कुठे अजिबात नाही, कांदळवन कुठे राखायचं, बंदर कुठे, मासेमारी कुठे, पर्यटकांच्या बोटी कुठे, हे आधी ठरवून ठेवणं म्हणजे किनारा आणि समुद्राचं नियोजन.

जमिनीपेक्षा हे काम अवघड आहे. जमिनीला बांध असतो, पाण्याला नसतो. एकाच पाण्यात सकाळी रापण पडते, दुपारी स्कूबाची बोट फिरते आणि रात्री बाहेरचा ट्रॉलर येतो. त्याच किनाऱ्यावर हंगामात कासव अंडी घालतं. सगळ्यांना जागा हवी असते आणि जागा तेवढीच असते.

हे नियम आले कुठून?

नोव्हेंबर १९८१ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामांपासून मोकळा ठेवावा, असा त्याचा आशय होता. आजच्या ५०० मीटरच्या आकड्याची सुरुवात तिथली.

पुढे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच्या आधारे सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. दुसरी ६ जानेवारी २०११ ला आणि तिसरी १८ जानेवारी २०१९ ला.

यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. २०१९ चे नियम लागू व्हायला त्या नियमांप्रमाणे नवा नकाशा तयार होऊन मंजूर व्हावा लागतो. तोपर्यंत २०११ चा नकाशा आणि २०११ चे नियम चालतात. म्हणून कुणीही नकाशा दाखवला तर आधी त्यावर काय छापलंय ते बघा. तो २०११ चा आहे की २०१९ चा? मसुदा आहे की मंजूर? यावर बरंच अवलंबून आहे.

सीआरझेडचे चार वर्ग

*सीआरझेड-१:* सगळ्यात कडक. याचे दोन भाग. '१-अ' मध्ये कांदळवन, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणं, पक्ष्यांची घरटी, समुद्री गवत, अभयारण्य, पुरातत्त्वाची ठिकाणं येतात. कांदळवन १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याच्याभोवती आणखी ५० मीटरचा पट्टा राखावा लागतो. '१-ब' म्हणजे भरती आणि ओहोटीच्या रेषांमधला भाग. बायका जिथे ओहोटीला मुळे-कालवं काढतात, तो हाच.

*सीआरझेड-२:* किनाऱ्यापर्यंत आधीच बांधकाम झालेला शहरी भाग.

*सीआरझेड-३:* ग्रामीण भाग. आपली बहुतेक किनारी गावं यात येतात. याबद्दल पुढे सविस्तर आहे.

*सीआरझेड-४:* पाणी. '४-अ' म्हणजे ओहोटीच्या रेषेपासून समुद्रात १२ सागरी मैलांपर्यंत. '४-ब' म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या खाड्या आणि नद्यांची मुखं. पारंपरिक मासेमारी आणि तिला जोडून असलेल्या कामांवर या वर्गात सीआरझेडची बंदी नाही, असं अधिसूचनेत स्पष्ट लिहिलं आहे.

खाडीकाठच्या गावांनी हे लक्षात ठेवा. २०११ च्या नियमात खाडीपासून १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यातलं जे कमी असेल तेवढं अंतर धरलं होतं. २०१९ मध्ये १०० चे ५० मीटर झाले. वाघोटन, आचरा, कालावल, कर्ली, तेरेखोल अशा खाड्यांच्या काठी आत राहणारे अनेकजण "आम्ही समुद्रापासून लांब आहोत" असं म्हणतात. पण भरतीचं खारं पाणी जिथवर चढतं, तिथवर हा नियम जातो.

भरती रेषा म्हणजे नेमकी कुठली?

सगळी अंतरं भरती रेषेपासून मोजतात. ही रेषा म्हणजे आज पाणी कुठवर आलं ती नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्तीत जास्त जिथवर पोहोचतं, ती रेषा. ती आखायचं काम चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राकडे आहे.

म्हणून मोबाइलच्या मॅपवर बोट ठेवून अंतर मोजू नका आणि त्या भरवशावर पायाही खणू नका. देवबागसारख्या गावात तर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. मधे चिंचोळी पट्टी. तिथे दोन्ही बाजूंनी अंतर मोजलं जातं. रेषा थोडी इकडची तिकडे सरकली तरी घर आत की बाहेर हे बदलतं.

२०१९ च्या नकाशांवर 'धोका रेषा' नावाची आणखी एक रेषा असते. धूप, पूर, समुद्राची वाढती पातळी यांचा विचार करून ती सर्व्हे ऑफ इंडियाने आखली आहे. ती आपत्ती व्यवस्थापनासाठी आहे. त्या रेषेवरून बांधकाम परवानगी ठरत नाही. पण आपलं घर तिच्या आत असेल तर ते माहीत असलेलं बरं.

५० मीटर की २०० मीटर? गावांसाठी कळीचा मुद्दा

२०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागाचे, म्हणजे सीआरझेड-३ चे, दोन तुकडे केले आहेत.

- *३-अ:* २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त. इथे ना-विकास क्षेत्र भरती रेषेपासून ५० मीटर.
- *३-ब:* घनता त्यापेक्षा कमी. इथे ना-विकास क्षेत्र २०० मीटर.

आता आपल्याकडची स्थिती बघा. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची घनता होती दर चौरस किलोमीटरला फक्त १६३. आपली वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली. मधे माड-पोफळीच्या बागा, सडे, डोंगर. किनाऱ्यावरची एखादी वाडी कितीही दाट असली, तरी पूर्ण गावाचं क्षेत्रफळ धरलं की आकडा खाली येतो.

अंदाज घ्यायचा तर गणित सोपं आहे. गावाचं क्षेत्र हेक्टरमध्ये घ्या आणि १०० ने भागा, चौरस किलोमीटर मिळतील. लोकसंख्येला त्या आकड्याने भागा. समजा गाव ३०० हेक्टरचं आहे आणि लोकसंख्या १,८०० आहे. म्हणजे ३ चौरस किलोमीटरमध्ये १,८००, घनता ६००. हे गाव २,१६१ च्या जवळपासही नाही.

म्हणजे "नव्या नियमात २०० चे ५० मीटर झाले" ही बातमी ऐकून आपल्या गावात बांधकामाला मोकळीक मिळाली, असं समजू नका. आपल्याकडच्या बऱ्याच गावांना २०० मीटरच लागू राहण्याची शक्यता जास्त. जागेचे दलाल नेमकं हेच सांगत नाहीत.

ना-विकास क्षेत्रात काय चालतं?

नाव 'ना-विकास' असलं तरी तिथे सगळंच बंद असतं असं नाही.

- आधीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी. अट एवढीच की जोत्याचं क्षेत्र, चटई क्षेत्र आणि घनता वाढता कामा नये.
- शेती, बागायत, कुरण, खेळाचं मैदान.
- स्थानिक लोकांसाठी दवाखाना, शाळा, सार्वजनिक शौचालय, रस्ता, पिण्याचं पाणी, स्मशानभूमी. यासाठी प्रत्येक वेळी वेगळी परवानगी लागते.
- मच्छीमारांसाठी मासळी सुकवायची जागा, लिलाव हॉल, जाळी विणायची शेड, होडी बांधायची जागा, बर्फ कारखाना.

या यादीत 'अधिकृत' हा शब्द महत्त्वाचा. घर कितीही जुनं असलं तरी कागद दाखवावा लागतो. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, ग्रामपंचायतीचा आठ-अ चा उतारा, वीजबिल, जुने फोटो जपून ठेवा. वडिलांच्या नावावरचा कागदसुद्धा टाकू नका.

घरात पर्यटक ठेवणाऱ्यांसाठी: ३-ब मध्ये २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात स्थानिक लोकांना, मच्छीमारांनाही, राहत्या घरात होमस्टे चालवता येतो. जोतं, आराखडा आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. मागच्या बाजूला चार खोल्या वाढवल्या तर ती गोष्ट होमस्टेमध्ये बसत नाही.

आणि काय बंद आहे? नवे उद्योग, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं, कचरा टाकणं, वाळूच्या टेकड्या सपाट करणं. शेवटच्या गोष्टीकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. पुळणीमागची वाळूची टेकडी जेसीबीने सपाट केली की 'समुद्र दिसतो' म्हणून जागेचा भाव वाढतो. पण उधाणाचं पाणी अडवणारी भिंत तीच असते.

समुद्रातल्या हद्दी

एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, एवढ्या पाण्यातली मासेमारी राज्य सरकारच्या अखत्यारीत. त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्र सरकार.

राज्याचा कायदा आहे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. त्याची जमेची बाजू अशी की पाण्याची वाटणी त्याने कोकणातल्या मापाने केली, वावात. किनाऱ्यालगत काही भागात ५ आणि काही भागात १० वाव खोलीपर्यंत ट्रॉलिंगला बंदी घातली. एक वाव म्हणजे ६ फूट. हेतू हा की रापणकर, छोट्या होडीवाले आणि गिलनेटवाले यांना किनाऱ्याजवळचं पाणी राहावं.

त्यानंतरचे टप्पे असे:

- फेब्रुवारी २०१६: पर्ससीन मासेमारीवर क्षेत्राची आणि कालावधीची बंधनं. परवानगी सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच.
- नोव्हेंबर २०१७: एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्राची बंदी.
- २०२१: राज्याच्या कायद्यात दुरुस्ती. दंडाची रक्कम वाढली. कारवाईचा निवाडा पूर्वी तहसीलदारांकडे होता, तो मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आला.
- दरवर्षी पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी. केंद्राच्या आदेशात ती १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस असते. राज्य दरवर्षी आपला आदेश काढतं, त्यामुळे त्या वर्षीच्या तारखा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या.

पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातली भांडणं आपण सगळ्यांनी बघितली आहेत. त्याकडे 'मच्छीमारांचं आपसातलं भांडण' म्हणून बघितलं जातं. मुळात तो नियोजनाचाच प्रश्न आहे. हद्द कागदावर आहे, पण पाण्यात ती दिसत नाही. राखण करायला पुरेशा गस्ती नौका नसल्या, तर कागदावरची हद्द कुणी पाळत नाही.

मालवणकडून शिकण्यासारखं

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात गाभा क्षेत्र ३.१८ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळ आहे आणि समुद्री जीवांची मोठी विविधता आहे. ते राखावं हा हेतू.

पण त्याच पाण्यावर अनेक घरांची चूल पेटत होती. मासेमारी बंद होईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला. कागदावर अभयारण्य झालं आणि गावकऱ्यांच्या मनात संशय राहिला. आज त्याच प्रवाळांमुळे स्नॉर्कलिंग आणि स्कूबाचा धंदा उभा आहे. तरी "अभयारण्य" हा शब्द काढला की अजूनही सभा तापते. आधी रेषा मारली आणि लोकांशी बोलणं नंतर सुरू झालं, की असं होतं.

याच किनाऱ्याबद्दल आणखी एक तरतूद आहे, आणि ती फार लोकांना माहीत नाही. २०११ आणि २०१९ च्या दोन्ही अधिसूचनांमध्ये देशातल्या 'अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रां'ची यादी आहे. सुंदरबन, कच्छचं आखात, मन्नारचं आखात यांच्या बरोबरीने त्या यादीत महाराष्ट्रातून मालवण आणि आचरा-रत्नागिरी ही नावं आहेत. अशा क्षेत्रांचं व्यवस्थापन उपजीविकेसाठी किनाऱ्यावर अवलंबून असलेल्या लोकांना, मच्छीमारांना, सहभागी करून घेऊन करायचं, असं तिथे लिहिलं आहे. म्हणजे तुम्हाला विचारणं ही सरकारची मेहेरबानी नाही, तो नियम आहे.

एक किनारा, खाती अनेक

कुठल्या कामासाठी कुठे जायचं, हे माहीत नसल्यामुळे माणसाचे हेलपाटे होतात. ही यादी ठेवा.

- किनाऱ्यावरची सरकारी जमीन, अतिक्रमण: जिल्हाधिकारी, तहसीलदार
- सीआरझेडचा नकाशा आणि परवानगी: महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, मुंबई
- बोटीचा मासेमारी परवाना, बेकायदा मासेमारी: सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय
- बंदर, जेटी, प्रवासी बोटी: महाराष्ट्र सागरी मंडळ
- कांदळवन, कासव: वन विभाग आणि कांदळवन कक्ष
- सांडपाणी, प्रदूषण: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
- समुद्रातली सुरक्षा: सागरी पोलीस, तटरक्षक दल

परवानगीचा साधा नियम असा. सीआरझेड-१ आणि ४ मधल्या मोठ्या प्रकल्पांचा निर्णय दिल्लीत, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयात. २ आणि ३ मधला राज्याच्या पातळीवर.

अडचण ही की प्रत्येक खात्याचा नकाशा वेगळा. बंदर खात्याच्या नकाशात जेटी असते, मासळी दिसत नाही. वन विभागाच्या नकाशात तिवर-चिपी असतात, त्यातून जाणारी होडीची वाट नसते. यावर उपाय म्हणून जगभर आता 'सागरी अवकाश नियोजन' ही पद्धत पुढे येत आहे. मासेमारी, जहाजांचे मार्ग, पर्यटन, संवर्धन, केबल, वीजप्रकल्प हे सगळं एकाच नकाशावर मांडायचं आणि कुठे कुणाची कुणाशी टक्कर होते हे आधी बघायचं. भारताने नॉर्वेच्या सहकार्याने पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप इथे प्रायोगिक काम हाती घेतलं आहे. उद्या ते आपल्या किनाऱ्यावर आलं, तर त्या एका नकाशात रापणीची जागा असेल का? आपण आधी ती कुठेतरी नोंदवली असेल, तरच.

गावाने काय करायचं? पाच पायऱ्या

*१. नकाशा मिळवा.* प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर जिल्हावार नकाशे असतात. मोठ्या भागाचा नकाशा १:२५,००० प्रमाणात असतो. त्यावर गाव टिकलीएवढं दिसतं. आपल्याला हवा तो १:३,९६० प्रमाणाचा किंवा गट नंबर दाखवणारा स्थानिक नकाशा. तो मिळत नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात मागा. तरीही नाही मिळाला तर माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

*२. गावाचा आपला नकाशा काढा.* साध्या कागदावर चालेल. वयस्कर रापणकर, मासळी विकणाऱ्या आणि कालवं काढणाऱ्या बायका, होडीवाले, बागायतदार यांना एकत्र बसवा. होड्या कुठे लागतात, पावसाळ्यात कुठे ओढून ठेवतात, जाळी कुठे सुकतात, रापण कुठून कुठवर ओढतात, मासळी कुठे वाळते, बंदरावर जायची पायवाट कुठली, कासव कुठे चढतं, गोड्या पाण्याची विहीर कुठे, देवाचं ठिकाण कुठलं, हे सगळं लिहा. बायकांना आवर्जून बोलवा. ओहोटीच्या पट्ट्यातली माहिती त्यांनाच जास्त असते.

*३. जागेवर जाऊन फोटो काढा.* मोबाइलमध्ये लोकेशन चालू ठेवून, तारखेसह. हंगामात आणि पावसाळ्यात, दोन्ही वेळा. रापण ओढताना, मासळी वाळत असताना. मोकळ्या पुळणीचा फोटो दाखवून 'इथे काहीच नाही' म्हणणं सोपं असतं.

*४. ग्रामसभेत ठराव घ्या.* १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी यातली कुठलीही सभा चालेल. ठरावाचा मजकूर साधारण असा:

"मौजे ______ येथील किनाऱ्यावरील सोबतच्या यादीतील व नकाशातील जागांचा वापर गावातील मच्छीमार व ग्रामस्थ पूर्वापार करीत आले आहेत. किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यात या जागा, मासेमारीची व माशांच्या प्रजननाची क्षेत्रे, तसेच मच्छीमार कुटुंबांच्या घरांची पुढील गरज दर्शवावी. या जागांवर कोणताही प्रकल्प प्रस्तावित करण्यापूर्वी ग्रामसभेचे म्हणणे लेखी घ्यावे."

ठरावाच्या प्रती जिल्हाधिकारी, मत्स्यव्यवसाय कार्यालय आणि प्राधिकरण या तिघांना पाठवा. पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिला नाही असंच धरतात.

*५. सुनावणीला जा.* आराखड्याच्या मसुद्यावर जिल्हा पातळीवर जनसुनावणी घ्यावी लागते. तिथे फक्त भाषण करू नका, लेखी हरकत द्या. गट नंबर लिहा, नकाशाचा शीट नंबर लिहा, काय चुकलंय आणि काय हवंय ते लिहा. 'आमच्यावर अन्याय झाला' या वाक्यापेक्षा 'शीट क्रमांक अमुकमध्ये आमची जाळी सुकवायची जागा दाखवलेली नाही' हे वाक्य जास्त काम करतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*सीआरझेडचा भंग दिसला तर तक्रार कुठे?*
जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते. तिच्यात पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत, मच्छीमारांसह. आपल्या जिल्ह्याच्या समितीवर कोण आहेत, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. तिथे दाद नाही लागली तर प्राधिकरण, आणि त्यानंतर राष्ट्रीय हरित लवाद. लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे.

*लवादाकडे जायला मुदत असते का?*
असते. प्रकल्पाला दिलेल्या परवानगीविरुद्ध अपील ३० दिवसांत करायचं. उशिराचं योग्य कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत सूट मिळू शकते. पर्यावरणाच्या इतर वादांत अर्जासाठी ६ महिने. म्हणून "बघू नंतर" म्हणू नका.

*माझं जुनं घर २०० मीटरच्या आत आहे. ते पाडतील का?*
घर अधिकृत असेल तर फक्त ना-विकास क्षेत्रात येतं म्हणून पाडायला सांगितलेलं नाही. दुरुस्ती आणि पुनर्बांधणीची तरतूद आहे. कागद जमवा, आणि वाढीव बांधकाम परवानगीशिवाय करू नका.

*माझी माडाची बाग कांदळवनाला लागून आहे. तिवराची झाडं तोडली तर?*
तोडू नका. जमीन खासगी असली तरी कांदळवनाला संरक्षण आहे, मुंबई उच्च न्यायालयानेही २०१८ च्या निकालात ते स्पष्ट केलं आहे. बांधावरची झाडं अडचणीची वाटत असतील तर वन विभागाकडे लेखी विचारा.

*हे सगळं मच्छीमारांचं आहे, आम्ही बागायतदार. आम्हाला काय?*
बांध फुटून खारं पाणी बागेत शिरलं की बागायतदाराचंच नुकसान होतं. वाळूची टेकडी, कांदळवन, खाडीचं तोंड या गोष्टी सगळ्या गावाच्या आहेत. ठरावावर सगळ्या वाड्यांच्या सह्या असल्या तर त्याचं वजन वेगळं पडतं.

शेवटी

किनाऱ्यावर नियोजन नको, असं म्हणून चालणार नाही. नियोजन नसतं तेव्हा ज्याच्याकडे पैसा आणि जेसीबी आहे त्याचं चालतं. पण गावाला वगळून केलेलं नियोजनही टिकत नाही, हे मालवणने दाखवलं आहे. जी जागा वापरात आहे ती आधी कागदावर आणणं, हे काम कुठल्याही खात्याची वाट न बघता गावाला आजपासून करता येतं. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालायला सरपंचांना आजच सांगा. हा लेख वाडीच्या ग्रुपवर टाका, आणि ज्या आजोबांना रापणीच्या जुन्या जागा माहीत आहेत त्यांच्याशी बोलून घ्या.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. बांधकाम किंवा जमीन खरेदीआधी मंजूर नकाशा आणि त्या वेळचे नियम संबंधित कार्यालयातून खात्री करून घ्या.)